पाचगणी ते ‘ठंडा ठंडा पानी’ : रॅप-रॉक संकर आणि श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात जे संकर घडले, त्यांत रॅप व रॉक यांचा संकर विशेष लक्षणीय आहे. रॉक संगीत प्रामुख्याने विद्युत गिटार, बेस गिटार व ड्रम यांच्या मेळावर उभे असते. रॅपमध्ये शब्द गायिले जात नाहीत. ते ठेक्यावर लयबद्ध उच्चारले जातात. या संकराचा एक धागा महाराष्ट्रातून निघून महाराष्ट्रातच परत येतो. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेऊन त्यातून उद्भवणाऱ्या श्रेयाच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

संकराची पद्धती

आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गीताचा तुकडा उचलून तो पुनःपुन्हा वाजवायचा व त्यावर नवे शब्द म्हणायचे, या पद्धतीस ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने एरोस्मिथ या रॉक वाद्यवृंदाचे १९७५ मधील ‘वॉक धिस वे’ हे गीत नव्याने सादर केले. त्यात मूळ गायक स्टीव्हन टायलर व गिटारवादक जो पेरी स्वतः सहभागी झाले. त्यामुळे मूळ निर्मिती कोणाची, हे ऐकणाऱ्यास उघड होते. प्रत्येक वेळी मात्र असे घडत नाही.

एका धुनेचा प्रवास

क्वीन या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच फारुख बलसारा, याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये झाले. १९५० च्या दशकात तेथेच तो ‘हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवीत असे. पुढे १९८१ मध्ये क्वीन व डेव्हिड बोवी यांचे ‘अंडर प्रेशर’ हे गीत प्रसिद्ध झाले. त्यातील बेस गिटारची धून केवळ दोन स्वरांची असूनही चटकन ओळखू येते.

हीच धून व्हॅनिला आइस या अमेरिकन रॅपरने ‘आइस आइस बेबी’साठी घेतली. १९९० मध्ये हे गीत ‘बिलबोर्ड’च्या मुख्य क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचले. आरंभी मूळ रचनाकारांचा उल्लेख नव्हता. आपल्या धुनेत एक आघात अधिक आहे, असा युक्तिवाद त्याने एका मुलाखतीत केला. पण अखेर तडजोड होऊन क्वीन व बोवी यांना रचनाकार म्हणून श्रेय मिळाले. १९९२ मध्ये बाबा सेहगल यांचे, याच गीताच्या धर्तीवर बेतलेले, ‘ठंडा ठंडा पानी’ मुंबईच्या मॅग्नासाउंड कंपनीने बाजारात आणले व हिंदी रॅप घरोघरी पोहोचले.

कायद्याची बाजू

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार सांगीतिक रचना व तिचे ध्वनिमुद्रण यांवरील हक्क स्वतंत्र असतात. रचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांस सादरकर्ते म्हणूनही हक्क मिळाले. परिणामी मुद्रित तुकडा उचलणाऱ्यास एकाहून अधिक हक्कधारकांची अनुमती घ्यावी लागते.

ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात

हा प्रश्न महानगरांपुरता मर्यादित नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांत धनगरी ओव्या व गजी ढोलाची परंपरा आहे. सुपे येथील एखाद्या विद्यार्थ्याने यात्रेतील ओवी मोबाइलवर मुद्रित केली व तिच्या ढोलावर रॅप रचला, असे समजू. ओवी परंपरागत असल्याने तिचा मूळ कर्ता सांगता येणार नाही; परंतु ती गाणारा कलावंत समोर उभा असतो व त्याचे गायन हे त्याचे स्वतःचे असते. त्याची अनुमती न घेता, नाव न देता गीत प्रसिद्ध झाले, तर क्वीनला जे अखेर मिळाले ते या कलावंतास बहुधा कधीच मिळणार नाही. कारण दाद मागण्याचे बळ त्याच्यापाशी नसते.

निष्कर्ष

संकर हा संगीताच्या वाढीचा स्वाभाविक मार्ग आहे. त्यास प्रतिबंध करणे इष्ट नाही. तथापि उसनवारी व अपहार यांतील सीमारेषा श्रेयनिर्देशाने व अनुमतीने ठरते. संशोधनलेखात अवतरणाचा स्रोत देण्याचा जो आग्रह प्राध्यापक धरतात, तोच स्नेहसंमेलनातील गीतासही लागू करावयास हवा. आपल्या शाहिरांनी कवनाच्या अखेरीस नाममुद्रा गुंफली, ती कर्त्याचे नाव रचनेसोबत टिकावे म्हणूनच. नव्या रॅपकारांनीही ओवी गाणाऱ्याचे नाव आपल्या गीतासोबत द्यावे, ही अपेक्षा त्या परंपरेस धरूनच आहे.