बाळ रडले नाही, म्हणून?

मुलाने वेळेवर मान धरली नाही, पाय ताठ राहू लागले, की आप्तेष्टांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकजण एकच निदान बिनदिक्कत ठोकून देतो: "जन्मल्यावर रडलं नव्हतं ना, तेव्हाच मेंदू मेला." सुशिक्षितांच्या तोंडूनही वारंवार ऐकू येणाऱ्या या एका वाक्यात तीन चुका सुखाने नांदतात, आणि त्यांचा जाच सोसावा लागतो तो बहुधा मुलाच्या आईला.

पहिली चूक ही की, रडणे ही श्वसन सुरू झाल्याची केवळ वर्दी असताना न रडणे हेच रोगाचे कारण ठरविले जाते. सुमारे दहांतील एका नवजात अर्भकास पहिल्या श्वासासाठी थोडे साहाय्य लागते. अंग कोरडे करून पाठ चोळली, क्वचित मास्क लावून हवा दिली, की त्यांतील बहुसंख्य बालके सावरतात.

दुसरी चूक म्हणजे सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या विकलतेचे) सारे खापर प्रसूतीवर फोडणे. लंडनचे डॉ. विल्यम लिट्ल यांनी १८६१ साली हा संबंध मांडला खरा. परंतु कष्टप्रद प्रसूती हीच गर्भातील पूर्वीच्या बिघाडाचे लक्षण असू शकेल, अशी हरकत सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ सालीच घेतली होती. त्या हरकतीचे वजन संशोधक करिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग यांनी १९८१ साली दाखवून दिले: पुढे सेरेब्रल पाल्सी आढळलेल्या मुलांपैकी ७३ टक्क्यांचा पाचव्या मिनिटाचा अपगार गुणांक (जन्मताच बाळाची स्थिती दहापैकी मोजणारा) ७ ते १० असा समाधानकारक होता.

तिसरी चूक 'तेव्हाच' या शब्दात आहे, आणि तीच सर्वांत घातक. रक्त व प्राणवायूचा पुरवठा तुटला की मेंदूच्या पेशींतील ऊर्जा घसरते, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन अनावर साचते, कॅल्शियम पेशींत घुसते. पुरवठा पूर्ववत झाल्यावर ऊर्जा बऱ्याच अंशी सावरते, काही तास संकट टळल्याचा आभास होतो, आणि मग ऊर्जेचा दुसरा ऱ्हास सुरू होऊन पेशींचा मृत्यू पुढे कित्येक दिवस चालू राहतो. म्हणूनच शरीराचे तापमान ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सियस राखण्याचा उपचार पहिल्या सहा तासांत सुरू करतात. मेंदू जन्मक्षणीच मेला असता, तर हा खटाटोप कोणी कशासाठी केला असता? मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ४०८ बालकांवरील 'हेलिक्स' चाचणीत (२०२१) या उपचाराने लाभ न होता मृत्यूच वाढले. तेव्हा 'थंड केले की झाले' हाही भ्रमच, आणि बाळावर गार पाणी शिंपडणे हा तर निव्वळ अपाय.

इजेची जागाही सरसकट एक नसते. पूर्ण दिवसांच्या बाळाचा पुरवठा एकाएकी तुटला तर खोलवरचे थॅलॅमस व बेसल गँग्लिया होरपळतात; तो दीर्घकाळ अपुरा राहिला तर मोठ्या रोहिण्यांच्या सीमेवरचा भाग; अकाली जन्मलेल्यांत मेंदूतील पोकळ्यांलगतचे श्वेतद्रव्य. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूत घडीच्या तळाशी रक्त सर्वांत कमी पोहोचत असल्याने, सीमेवरच्या इजेनंतर एखादी वळी पुढे माथ्याशी शाबूत आणि मुळाशी चिंचोळी, अळंबीच्या आकाराची, झालेली आढळते.

उरलेले गैरसमज थोडक्यात. 'अशी मुले मतिमंदच': बेसल गँग्लियापुरती इजा झालेल्या कित्येकांचे हातपाय व वाणी ताब्यात नसते, बुद्धी मात्र शाबूत असते. 'प्राणवायू जितका अधिक तितका बरा': पूर्ण दिवसांच्या बाळाला आरंभी साधी हवाच द्यावी, अशी २०१० पासून आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. 'टॉनिकने मेलेल्या पेशी परत येतात': येत नाहीत; शाबूत भागांना लवकर सराव देणे एवढेच आपल्या हाती असते.

तेव्हा "रडलं होतं का?" ही चौकशी आता पुरे. विचारायचेच असेल तर पहिल्या दिवशी आकडी आली होती का, बाळ दूध ओढत होते का, एमआरआय झाला का, हे विचारावे; आणि उत्तर काहीही मिळो, फिजिओथेरपी मात्र 'मोठं झालं की येईल ताळ्यावर' या भरवशावर तहकूब ठेवू नये.