ऐंशी तासांचा वाद आणि अठ्ठेचाळीस तासांचा कागद

शिकाऊ सर्जनांच्या कामाच्या तासांवर चर्चा निघाली की 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फर्स्ट’ या अमेरिकी अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. त्यात 117 प्रशिक्षण कार्यक्रमांचे दोन गट पाडले होते. एका गटाला सलग ड्युटीची मर्यादा पाळायची होती, दुसऱ्याला तीतून सूट होती. रुग्णांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती यांत लक्षणीय फरक दिसला नाही. उलट सूट मिळालेल्यांना शस्त्रक्रिया अर्ध्यात सोडून जाण्याची वेळ कमी आली. ‘मग तासांचा एवढा बाऊ कशाला?’ असं यावरून म्हटलं जातं, आणि ते साफ चूक आहे. दोन्ही गटांवर सरासरी आठवड्याला 80 तासांचं बंधन कायम होतं. ते 80 तास कसे वाटायचे, एवढंच तिथं तपासलं गेलं.

हे बंधनही सहज आलेलं नाही. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. रात्रभर तिच्यावर उपचार करत होते ते लांबलचक ड्युटीवरचे शिकाऊ डॉक्टर. तिचे पत्रकार वडील सिडनी झायन यांनी प्रकरण लावून धरलं. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात नियम झाला आणि 2003 मध्ये तसाच नियम देशभर लागू झाला.

सतरा तास जागं राहिलं की माणसाची चपळाई थोडी दारू प्यायल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय आपण किती थकलोय याचा अंदाज त्या थकलेल्यालाच नीट येत नाही. ड्युटी मध्येच बदलण्यातली सर्जरीची अडचण मात्र खरी आहे. रात्री ज्यानं आतडं जोडलं, त्याला सकाळच्या तापाचा अर्थ लवकर उमगतो. घाईच्या हँडओव्हरमध्ये तेवढं सगळं उतरत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तास असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात मात्र सरकारी रुग्णालयातला सर्जरीचा निवासी डॉक्टर इमर्जन्सीची रात्र काढून सकाळी राउंडला जातो, तिथून थेट ओटीत. ‘मार्ड’ ही महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांची संघटना हे तास पाळण्याची मागणी वर्षानुवर्षं मांडते आहे. तास कमी केले तर शिकणं बुडेल, असं सांगणाऱ्यांनी एकदा या तासांत काय काय भरलंय ते पाहावं. रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवणं, रिपोर्टमागे धावणं, ट्रॉली ढकलणं, फॉर्म भरणं. यासाठी वॉर्डबॉय, तंत्रज्ञ आणि कारकुनांची पदं भरली, तर एकही शस्त्रक्रिया न हुकता निवासी डॉक्टरला झोपायला वेळ मिळेल.