सागरतटीय शिल्प

समुद्रकिनाऱ्यासाठी कल्पिलेले व किनाऱ्यावरच उभारलेले सार्वजनिक शिल्प. चौकातील पुतळा उचलून पुळणीवर नेऊन ठेवल्यास तो या संज्ञेस पात्र ठरत नाही. भरती-ओहोटी, क्षितिजरेषा, खारा वारा व वाळू हे कलाकृतीचेच घटक व्हावेत, हे या प्रकाराचे प्रमुख लक्षण होय. या दृष्टीने चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरील देवीप्रसाद रायचौधरी यांचे श्रमविजय (१९५९) हे शिल्प श्रेष्ठ असूनही सीमारेषेवरचे वाटते. शिळा हलविणाऱ्या चार श्रमिकांचा आवेश अन्यत्रही तितकाच प्रत्ययकारी ठरला असता.

ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्म्ली (१९५० – ) यांच्या अनदर प्लेस (म. शी. दुसरे ठिकाण) या रचनेत मात्र समुद्र वगळल्यास काहीच उरत नाही. स्वतःच्या शरीरावरून घेतलेल्या १७ साच्यांतून त्यांनी बिडाचे १०० पुरुषाकृती पुतळे ओतविले. प्रत्येकाची उंची सु. १·८९ मी. व वजन सु. ६५० किग्रॅ. आहे. जर्मनीतील कुक्सहाफेन येथे १९९७ मध्ये ते प्रथम मांडण्यात आले. पुढे नॉर्वे व बेल्जियम येथील किनाऱ्यांवरून ते २००५ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीच्या पुळणीवर आले. तेथे किनाऱ्यालगत सु. ३ किमी. व समुद्राच्या दिशेने सु. १ किमी. पर्यंत ते विखुरलेले असून सर्वांची मुखे क्षितिजाकडे आहेत. भरतीत एकेक आकृती पाण्याखाली जाते व ओहोटीत पुन्हा प्रकट होते. काही गुडघ्यापर्यंत वा अधिक वाळूत रुतल्या आहेत. खालच्या पट्ट्यातील आकृतींवर बार्नेकलांचे थर चढले असून त्यांचे नाक-डोळे आता ओळखू येत नाहीत. हा ऱ्हास शिल्पकाराला अभिप्रेतच आहे. क्रॉस्बी येथील मांडणी प्रारंभी तात्पुरती होती. पुतळे पाहण्यास दूरवर गेलेले लोक भरतीत अडकतील, नौकाविहारास अडथळा होईल, पक्ष्यांच्या चरण्याच्या जागा तुडविल्या जातील, असे आक्षेप घेण्यात आले आणि ते निराधार नव्हते. २००६ मध्ये स्थानिक परिषदेने मुदतवाढ नाकारली. २००७ मध्ये कायम ठेवण्यास संमती मिळाली.

किनारा कोणाचा, हा प्रश्न सफकमधील ऑल्डबर्ग येथेही निघाला. मॅगी हँब्लिंग यांचे स्कॅलप (२००३) हे सु. ४ मी. उंचीचे अगंज पोलादी शिंपल्यांचे शिल्प संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ उभारलेले आहे. त्याच किनाऱ्यावरील कोळ्याची कथा सांगणाऱ्या त्यांच्या पीटर ग्राइम्स या ऑपेरातील शब्द शिंपल्याच्या कडेत आरपार कोरलेले असल्याने ते आकाशाच्या उजेडात वाचता येतात. मोकळी पुळण बिघडली, असे मानणाऱ्या रहिवाशांनी ते हलविण्याची मागणी केली व त्यावर अनेकदा रंगही फेकण्यात आला. मुले मात्र पहिल्यापासून त्यावर चढून खेळतात.

तांत्रिक बाजू दुर्लक्षून चालत नाही. खाऱ्या तुषारांतील क्लोराइडामुळे लोखंड वेगाने गंजते व अगंज पोलादावरही बारीक खड्डे पडतात. भिन्न धातू एकत्र जोडल्यास ओलाव्यात त्यांपैकी एक झपाट्याने झिजतो. त्यामुळे बाह्य कवचापेक्षा आतील सांगाडा, सांधे व बोल्ट यांची तपासणी महत्त्वाची असते. मालवण येथील राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. त्यानंतरच्या चर्चेत वाऱ्याबरोबर गंजलेल्या बोल्टांचाही उल्लेख झाला. त्या जागी २०२५ मध्ये नवा पुतळा उभारण्यात आला.

ओडिशातील पुरी येथे प्रसिद्धी पावलेली वाळूशिल्पे हा याच प्रकाराचा क्षणजीवी उपप्रकार होय. त्यांत ओल्या वाळूच्या कणांतील पाण्याच्या पृष्ठताणावर आकार टिकतो व वाळू सुकताच ढासळू लागतो.