उरलेले तेवीस तास

दीड वर्षाचं मूल गच्चीवर असताना वरून विमान गेलं, की ते बोट वर करतं आणि लगेच मान वळवून आपल्याकडे बघतं. विमान काही त्याला हवं नसतं. 'तूही बघ ना' एवढंच सांगायचं असतं. शब्द फुटायच्या आधीचं हे बोलणं. स्वमग्न मुलांमध्ये हे बोट फार उशिरा उठतं, काहींच्या बाबतीत उठतच नाही. बिस्किटाचा डबा हवा असेल तर असं मूल आईचं मनगट धरून तिला फडताळापाशी नेतं, तिचा हात डब्यावर ठेवतं. तिच्या चेहऱ्याकडे मात्र बघत नाही.

बालरोगतज्ज्ञ याच गोष्टी विचारतात. वर्षाचं झाल्यावर नावाने हाक मारली तर वळून बघतं का? दीड वर्षाचं झाल्यावर रिकाम्या कपातून खोटाखोटा चहा पितं का? येत असलेले शब्द मध्येच गळून गेले का? यातली एखादीच खूण दिसली म्हणजे निदान झालं असं नाही. पण दोन-तीन एकत्र दिसत असतील तर थांबू नये. आपल्या घरांत नेमकं थांबलं जातं. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा काका तर चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता', असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं, आणि त्याचं ऐकायला सगळ्यांना बरं वाटतं. त्यात दोन वर्षं जातात.

तपासणीसाठी पुण्या-मुंबईलाच धावावं लागतं असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतं. त्यांच्या यादीत ऑटिझम, म्हणजे स्वमग्नताही आहे. शंका आली तर मुलाला जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असतं. पथक येऊन गेलं आणि आपल्या मुलाबद्दल काही बोललं नाही, तर आईने स्वतः विषय काढावा. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरला जे दिसत नाही ते तिला रोज दिसत असतं.

निदान झालं की घरात पहिला प्रश्न उठतो: कुणामुळे? आणि बोट आईकडे जातं. ही खोड आपलीच नाही, ती थेट वैद्यकशास्त्रातून आलेली आहे. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि ऑटिझमची ओळख जगाला झाली. पुढे शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी असा सिद्धान्त लोकप्रिय केला की आईच्या कोरडेपणामुळे मूल आत मिटतं. शेकडो आयांनी तो अपराध डोक्यावर घेऊन आयुष्य काढलं. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून तो खोडून काढला. रिमलंड मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. आज आपण जाणतो की मेंदूची जडणघडणच जन्माआधीपासून वेगळी होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लसीमुळे ऑटिझम होतो हा १९९८चा दावा तर इतका खोटा निघाला की तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली तो निबंधच मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरची नोंदणी रद्द झाली. तरी आपल्याकडे 'आई नोकरी करते ना', 'मोबाइल दाखवला ना जेवताना' हे संपत नाही. दोन वर्षांच्या मुलाला तासन्‌तास मोबाइल देणं वाईटच. त्याने बोलणं मागे पडू शकतं. पण मोबाइलने मूल स्वमग्न होत नाही.

आता तेवीस तासांबद्दल. ऐपत असलेलं कुटुंब स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षिका असं सगळं लावतं, आणि तरीही मुलाच्या वाट्याला दिवसाचा एखादा तास येतो. उरलेला वेळ ते घरी असतं, शाळेत असतं, रिक्षात असतं. त्या वेळात आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी काय करायचं, हे शिकवण्याचा सर्वांत चांगला प्रयोग आपल्या शेजारी गोव्यात झाला आहे, आणि मराठी वाचकांना त्याची फारशी खबर नाही.

गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांबरोबर हा अभ्यास केला. २०१६ साली तो 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुलं त्यात होती. पद्धत मूळची मँचेस्टरची, पण तिथे ती तज्ज्ञ थेरपिस्ट वापरत. इथे तेवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. सहा महिन्यांत बारा भेटी, शक्यतो घरीच. प्रत्येक भेटीत आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, त्याचं थोडा वेळ चित्रण होतं आणि मग कार्यकर्ती आणि पालक ते शेजारी बसून बघतात.

या बघण्यातच सगळी करामत आहे. स्वमग्न मुलाशी खेळताना बहुतेक पालक नकळत परीक्षा घेऊ लागतात. 'हा रंग कोणता? हे काय? गाय कशी ओरडते? सांग ना!' मूल पाठ फिरवतं. मग प्रश्न वाढतात, आवाज चढतो. चित्रणात तीन-चार सेकंद असे सापडतात की आई गप्प होती, मुलाने गाडीचं चाक फिरवलं, आईनेही नुसतंच 'गर्रर्र' म्हटलं आणि मुलाने वर बघितलं. कार्यकर्ती तिथे चित्र थांबवते. काय चुकलं त्याची यादी ती वाचत नाही. जमलं ते दाखवते. पुढच्या भेटीपर्यंत तेवढंच वाढवायचं: आधी बघायचं, थांबायचं, त्याच्या खेळात शिरायचं, एकदोन शब्द टाकायचे आणि त्याच्या उत्तराला वेळ द्यायचा.

आठ महिन्यांनी पालकांचं मुलाशी सूर जुळवणं स्पष्ट सुधारलं होतं, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. सगळंच साधलं असं नाही. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याचा वेळ उलट घटला. मूल 'बरं' होतं असा दावा कुणी केला नाही, आणि म्हणूनच मला हा अभ्यास विश्वासाचा वाटतो. कारण ऑटिझमवरच्या उपचारांच्या बाजारात स्टेम सेलची इंजेक्शनं लाखांत विकली जातात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताशी निगडित ठरावीक आजारांपुरताच आहे. ऑटिझमसाठी पैसे घेऊन तो देणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

घरात बोलायचं कुठल्या भाषेत, हा प्रश्न आपल्याकडे फार छळतो. यूट्यूबवरची गाणी ऐकून मूल अमेरिकन ढंगात आकडे म्हणतं, शाळा इंग्रजी माध्यमाची असते, आणि कुणीतरी सल्ला देतं: घोळ नको, घरीही इंग्रजीच बोला. मग आजी गप्प होते, आईचं इंग्रजी 'कम हिअर, सिट डाऊन'पुरतंच उरतं. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडत नाही, असंच आजवरचं संशोधन सांगतं. ज्या भाषेत आपण लाडाने बोलू शकतो, रागावू शकतो, गाऊ शकतो, तीच बोलावी. आणि ज्याला बोलणं जमत नाही त्याला चित्रं द्यावीत. पाणी, भूक, शू, नको, पुरे – एवढी पाच चित्रं फ्रिजवर लावली तरी घरातली निम्मी रडारड कमी होते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत अॅप चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलतं. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे.

मग येते दिवाळी. आपल्याला जी सुखाची परमावधी वाटते ती अशा मुलाच्या अंगावर कशी येते, हे एकदा त्याच्या बाजूने मोजून बघा. पहाटेची झोपमोड. अंगाला चिकट तेल, त्यावर उटण्याची खरखर. नव्या कपड्याची जर मानेला टोचते. बाहेर सुतळी बॉम्ब, कुठल्या क्षणी फुटेल याचा नेम नाही. आणि घरात पंधरा माणसं, त्यांतली निम्मी गाल ओढणारी: 'नाव काय रे तुझं? काकांच्या पाया पड.' अनेक स्वमग्न मुलांच्या मेंदूला आवाज, स्पर्श, प्रकाश गाळून घेता येत नाही. कुकरची शिट्टी आणि आईची हाक सारख्याच जोराने आदळतात. काहींचं उलट, त्यांना हे सगळं कमी पडतं. ती गोल फिरतात, झोपाळा सोडत नाहीत, हात फडफडवतात. त्या फडफडण्याने कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवायच्या मागे लागू नये. मूल त्यातूनच स्वतःला सावरत असतं.

म्हणून नवा कपडा आधी दोनदा धुवावा, मागचं लेबल कापावं. उटणं नाही लावलं तर नरकात कुणी जात नाही. चार दिवस आधीपासून क्रमाने चित्रं दाखवावीत: अंघोळ, फराळ, मामाचं घर, परत आपलं घर. 'परत आपलं घर' हे चित्र सर्वांत महत्त्वाचं. कानावर घालायच्या हेडफोनची सवय आधीच लावावी, कारण फटाका वाजल्यावर ते डोक्यावर चढवणं म्हणजे आणखी एक हल्ला. एक खोली पाहुण्यांना बंद ठेवावी. एवढं करूनही मूल कोसळलं, जमिनीवर पडून किंचाळू लागलं, तर तो हट्ट आहे असं समजू नका. हट्टी मूल आपल्याकडे कुणी बघतंय का ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. हे मूल थांबू शकत नाही. दिवे मंद करा, माणसं हलवा, बोलणं बंद करा आणि जवळ बसा. समजावणं नंतर, दुसऱ्या दिवशी.

शाळेतही हेच, फक्त साठ मुलांच्या गलक्यात. वर्गाला उद्देशून 'चला, वह्या काढा' म्हटलं की ते आपल्यालाही लागू आहे हे अशा मुलाला कळेलच असं नाही. जवळ जाऊन, नाव घेऊन, एकच सूचना द्यावी लागते. 'तोंडाला कुलूप लाव' म्हटलं तर ते कुलूप शोधेल. बाक भिंतीकडेचा, पंख्याच्या कुरकुरीपासून आणि दारापासून दूर. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम चित्रांत: परिपाठ, गणित, मधली सुट्टी, चित्रकला, घर. एक झालं की पुसायचं. या पद्धतीचा पाया अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी घातला. १९७२ पासून ती तिथे राज्यभर राबवली गेली. शॉप्लर शिकले त्याच शिकागोत, जिथे बेटलहाइम आयांना दोष देत होते. त्यांनी पालकांना उपचारात बरोबरीचं स्थान दिलं. फळ्यावरच्या त्या क्रमासाठी लागतो खडू आणि पाच मिनिटं, पण बदली शिक्षक आले की पहिली विसरली जाते तीच गोष्ट.

सर्वांत अवघड असते मधली सुट्टी. तासाला नियम असतात, सुट्टीला नसतात. तिथे एखाद्या समजूतदार मुलाला किंवा मुलीला जोडीदार करावं, आणि वर्गाला सरळ सांगावं की याला गोंगाट सोसत नाही. मुलांना हे पटकन कळतं. अडतं ते त्यांच्या पालकांचं.

हल्ली शहरांतल्या काही शाळा प्रवेशाला अट घालतात: मुलाशेजारी बसणारी शॅडो टीचर आणा, पगार तुम्ही द्या. काही मुलांना तिची खरंच गरज असते. पण अनेकदा होतं असं की वर्गशिक्षिका मुलाशी बोलणंच सोडून देतात, शॅडो टीचर वही पूर्ण करून देते आणि मूल वर्गात असूनही वर्गाबाहेर राहतं. मला ही व्यवस्था शाळेने जबाबदारी झटकण्याची सोय वाटते. दहावी-बारावीला लेखनिक, वाढीव वेळ अशा सवलती मंडळ देतं. त्यासाठीचे कागद नववीतच जमवायला लागावं.

कागदांचा विषय निघालाच आहे तर: दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी वापरतात. प्रमाणपत्रावरून यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र निघतं. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. मूल अठरा वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. 'आमच्यानंतर याचं काय' हा प्रश्न त्याने सुटत नाही, पण बँकेतलं खातं अडत नाही.

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यांत तो स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. त्या कायद्यानुसार सरकारी मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही' असं कुठल्या मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं, तर तेवढंच त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. लेखी दिलं नाही तर आपला अर्ज पोच घेऊन द्या आणि त्याची प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवा.