शिक्का लागतो का?

केनियाची सहल ठरली की तिकिटामागोमाग पिवळ्या कार्डाची, म्हणजे लशीच्या दाखल्याची, धावपळ सुरू होते. यलो फीवरची लस घराजवळच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रच गाठावं लागतं. मोठ्या भावासोबत मुंबईतल्या अशा एका केंद्रावर गेले. बाकड्यांवर बोटीवर निघालेली पोरं, सफारीवाली जोडपी, हातात पासपोर्ट आणि झेरॉक्स.

टोचायला मिनिटही लागत नाही, वेळ जातो तो चौकशीत. लशीतला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला, आणि तो वाढवतात कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर. म्हणून सिस्टर प्रत्येकाला विचारत होत्या, "अंडं चालतं?"

"छे हो, आम्ही शुद्ध शाकाहारी," पुढचे काका म्हणाले.

"ते कळलं. पण खाल्लं तर अंगावर पित्त उठतं का?"

कधी खाल्लंच नाही, तर काका काय सांगणार!

"बेकरीतला केक?"

"केक खातो की!"

सिस्टरनी न हसता फॉर्मवर खूण केली. काका साठीपुढचे, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून पुन्हा खोदून विचारलं. या वयात पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते.

एका कुपीत अनेकांचे डोस. पावडरीत सलाइन मिसळलं की सहा तासांत कुपी संपवायची, उरलेली फेकायची. म्हणून माणसं जमेपर्यंत थांबवतात. उगाच कुरकुरण्यात अर्थ नाही.

कार्ड लागू होतं दहा दिवसांनी, मग जन्मभर चालतं. २०१६ पूर्वी दर दहा वर्षांनी लस घ्यावी लागे. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या कुंड्यांतच आहे, डेंग्यूवाला. म्हणून परतताना इथल्या विमानतळावर कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

मलेरियाला असा धाक नाही. माझ्या मते सफारीवाल्यांना खरी भीती त्याचीच, आणि टाळाटाळही तिथंच. डॉक्टरांनी काकांना डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं: निघायच्या आधीपासून रोज एक, परतल्यावरही चार आठवडे.

"मलेरिया काय, आपल्याकडेही असतोच की."

"असतो, म्हणून तुम्हाला होणार नाही असं नाही, काका. तिकडचा बहुतेक फाल्सिपेरम, जिवावर बेततो."

"बरं, याचा कार्डावर शिक्का लागतो का?"

"नाही."

"मग बघू," म्हणत काकांनी चिठ्ठी शर्टाच्या खिशात कोंबली.