गव्हाणीपासून गोदीपर्यंत



उसाचा भाव कारखान्याच्या काट्यावर ठरतो, असे आपण धरून चालतो. पण परदेशी जाणाऱ्या साखरेचे थोडे गणित समुद्रकाठीही मांडले जाते. 2021-22 च्या हंगामात देशातून सुमारे 110 लाख टन साखर निर्यात झाली. पुढे सरकारने निर्यातीवर बंधने घातली, ती गोष्ट वेगळी. पण साखर जेव्हा बाहेर जाते तेव्हा बंदरातूनच जाते. म्हणून बंदर हा काय प्रकार आहे, हे ऊस पिकवणाऱ्यालाही ठाऊक असलेले बरे.

आपल्या राज्यातले मोठे कंटेनर बंदर म्हणजे उरण तालुक्यातील न्हावा शेवा. मुंबईच्या जुन्या गोदीभोवती शहर दाटले, मालमोटारींना वाट उरेना. म्हणून समोरच्या किनाऱ्यावर नवे बंदर बांधले. 26 मे 1989 रोजी ते सुरू झाले. त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव दिले.

बंदराचे काम समजून घ्यायचे तर गळिताच्या दिवसांतला आपला गाडीतळ आठवा. गव्हाण मोकळी असली की गाड्या भराभर खाली होतात. ती अडली की रांग लागते, ऊस वाळतो, वजन घटते. बंदरातही तेच. मोठे जहाज आत यायला पाणी खोल लागते. त्यासाठी गाळ उपसून वाट सुमारे 15 मीटर खोल केली. मग धक्का हवा, धक्क्यावर उंच क्रेन हव्यात, पेट्या रचायला आवार हवे, जकातीची तपासणी वेळेत उरकली पाहिजे, आणि बाहेर रेल्वे व रस्ता मोकळा हवा. यातला एक दुवा ढिला पडला की बाकीचे नुसते बघत बसतात.

साखर दोन तऱ्हांनी जाते. वीस फुटी कंटेनरात पन्नास किलोची सुमारे पाचशे पोती बसतात. कच्ची साखर मात्र सुटीच जहाजाच्या पोटात भरतात. रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड बंदरातूनही अशी साखर गेली आहे. पाऊस आला की जहाजाची झाकणे लावून भरणी थांबवावी लागते. ठरलेल्या मुदतीपेक्षा जहाज जास्त खोळंबले तर दिवसागणिक डेमरेज चढते. हा पैसा कुणाच्या खिशातून जातो? भरतो व्यापारी, पण पुढचा सौदा करताना तो हा खर्च धरूनच भाव सांगतो. शेवटी झळ साखरेच्या दराला, म्हणजे तुम्हा-आम्हालाच.

म्हणून बंदर वाढावे, यात दुमत नाही. न्हावा शेव्यात 1999 साली पहिले खाजगी टर्मिनल चालू झाले, पुढे आणखी आली. पण या वाढीच्या खाली कुणाची जमीन आहे, तेही पाहिले पाहिजे. तिथे भातशेती होती, मिठागरे होती, कोळीवाडे होते. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. पण बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या हाती त्या भूखंडांची इरादापत्रे पडायला 2014 साल उजाडले. बंदर सुरू होऊन तोवर पंचवीस वर्षे लोटली होती! धरणात जमिनी गेलेल्या आपल्या सभासदांना या वाट पाहण्याचा अर्थ फोडून सांगायला नको.

आता पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झाले आहे. खर्चाचा अंदाज सुमारे 76 हजार कोटी रुपये. तिथे समुद्र मुळातच सुमारे 20 मीटर खोल असल्याने फार मोठी जहाजे लागू शकतील. पण त्याच पाण्यात मच्छीमारांची जाळी पडतात, आणि त्यांचा विरोध जुना आहे.

आपण निर्यातीचा फायदा घेणारे लोक. बंदर लवकर व्हावे असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहेच. पण जमीन आणि समुद्र सोडणाऱ्याचा हिशेब पहिले जहाज लागण्याआधी चुकता व्हावा, हेही तितक्याच मोठ्याने म्हटले पाहिजे. उसाचे बिल वेळेवर मागणाऱ्या शेतकऱ्याने एवढे तरी मागावेच.