बॉम्ब पडले, पण मालाचं काय?

२२ जून २०२५ च्या पहाटे अमेरिकेच्या सात बी-टू विमानांनी इराणमधल्या फोर्दो आणि नतान्झ इथल्या अणुकेंद्रांवर चौदा अजस्र बॉम्ब टाकले. इस्फहानवर पाणबुडीतून टोमाहॉक क्षेपणास्त्रं सोडली. त्या आठवड्यात मेसच्या टेबलावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, 'खेळ खलास!' दुसरी म्हणे, 'डोंगराला काय होतंय?' खरं तर 'नष्ट झालं का?' च्या आधी 'काय नष्ट झालं?' हे विचारायला हवं. अशा ठिकाणी तीन गोष्टी असतात : खडकातली जागा, तिथली यंत्रं आणि तयार झालेला माल. तिघांची उत्तरं वेगळी आहेत.

आधी खडक. फोर्दोचं केंद्र कोम शहराजवळ डोंगराच्या पोटात, अंदाजे ८० ते ९० मीटर खोल आहे. त्यावर टाकलेला जीबीयू-५७ बॉम्ब सुमारे १३,६०० किलोचा. पण त्यात स्फोटकं जेमतेम अडीच टन. बाकी बहुतेक पोलाद! कारण त्याचं पहिलं काम फुटणं नाही, खिळ्यासारखं आत घुसणं हे आहे. वजन जास्त, आडवा छेद लहान, वेग प्रचंड, म्हणून तो आत जातो. किती आत, हे मात्र समोरचा थर ठरवतो. मऊ जमिनीत साधारण ६० मीटर सांगतात. कठीण खडकात आणि मजबूत काँक्रीटमध्ये त्याहून बरंच कमी. म्हणूनच अमेरिकी सेनापतींच्या सांगण्यानुसार फोर्दोत हवा खेळती ठेवणाऱ्या दोन शाफ्टवर सहा-सहा बॉम्ब टाकले गेले. पहिल्याने वरचं काँक्रीटचं झाकण उडवायचं आणि पुढच्यांनी त्याच वाटेने आत जायचं.

आता यंत्रं. इथे बॉम्बचं पारडं जड आहे. युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज मिनिटाला साठ हजारांच्या आसपास फेरे घेतात. आपला मिक्सर वीसेक हजारांवरच किंचाळायला लागतो! इतक्या वेगात फिरणाऱ्या नळकांड्याला छत कोसळायची गरज नाही, जोराचा हादरा पुरतो. खडकाच्या आत झालेल्या स्फोटाची ऊर्जा हवेत न जाता खडकातच जाते, त्यामुळे हादरा दूरवर पोचतो. कधी तर अचानक वीज गेली तरी नुकसान होतं. १३ जूनला इस्रायलने नतान्झचं वीजकेंद्र उडवलं, तेव्हा आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नेमकी हीच शक्यता बोलून दाखवली होती.

उरला माल, आणि खरी मेख इथेच आहे. आयएईएच्या हिशेबाप्रमाणे हल्ल्यांच्या सुरुवातीला इराणकडे ६० टक्के समृद्ध केलेलं ४४०.९ किलो युरेनियम होतं. साठच टक्के म्हणजे अजून बरीच मजल बाकी, असं वाटेल. हिशेब करून बघा. नैसर्गिक युरेनियमच्या हजार अणूंत कामाचे, म्हणजे यु-२३५ चे, अणू फक्त ७. अणुभट्टीला लागतं तसं ५ टक्के करायचं तर हजारातले ८६० नको असलेले अणू काढून १४० ठेवायचे. ६० टक्क्यांसाठी आणखी १२८ काढायचे, उरले १२. आणि बॉम्बच्या ९० टक्क्यांसाठी? फक्त चार! (प्रत्यक्षात थोडे यु-२३५ वाया जातात, पण अंदाज यायला हे पुरे.) म्हणजे बहुतेक मेहनत त्या मालात आधीच साठलेली आहे.

आणि हा माल मावतो किती जागेत? तो युरेनियम हेक्साफ्लोराइडच्या रूपात असतो, साध्या तापमानाला घन. घनतेवरून काढलं तर सगळा मिळून सुमारे १३० लिटर. हॉस्टेलच्या मागच्या दोनशे लिटरच्या पिंपापेक्षाही कमी! सुरक्षिततेसाठी तो एकत्र न ठेवता पाणबुड्याच्या पाठीवर असतात तेवढ्या सिलिंडरांत ठेवतात, म्हणजे गाडीच्या डिकीत घालून हलवताही येतो. सिलिंडर फुटला तर हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया होऊन विषारी हायड्रोजन फ्लोराइड वायू तयार होतो. अणुस्फोट होत नाही, आणि युरेनियमही नाहीसं होत नाही. स्फोटाने इमारत मोडते, मूलद्रव्य मोडत नाही. यु-२३५ चं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षं! ढिगाऱ्याखाली गाडलेला माल म्हणजे फार तर कुलपात ठेवलेला माल, आणि उकरायला फावडं पुरतं. यातला मोठा भाग इस्फहानच्या बोगद्यांत असावा, असा आयएईएचा अंदाज होता.

मग उपाय काय? इराकचा अनुभव बोलका आहे. १९८१ मध्ये इस्रायलने बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उडवली. ती जमिनीवर होती, म्हणून सोपं गेलं. पण त्यानंतर इराकने गुपचूप समृद्धीकरणाचा मार्ग धरला. १९९१ च्या युद्धात पुन्हा बॉम्बफेक झाली, तरी कितीतरी जागा हल्लेखोरांना माहीतच नव्हत्या. त्या नंतर निरीक्षकांनी हिंडून, कागद तपासून शोधल्या. अल अथीरच्या इमारती १९९२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली सुरुंग लावून पाडल्या, आणि अतिसमृद्ध युरेनियम मोजून, सीलबंद करून १९९४ पर्यंत देशाबाहेर नेलं.

तेव्हा हवाई हल्ल्याने वेळ मिळते, यंत्रं मोडतात, काही वर्षं मागे ढकलता येतं. पण माल संपला की नाही हे विमानातून दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी वजनकाटा आणि वही घेऊन आत उतरावंच लागतं. पुढच्या वेळी मेसमध्ये वाद पेटला, की 'किती बॉम्ब पडले?' ऐवजी 'किलो किती मोजले?' एवढंच विचारा.